मोहरीराची गाठ

थोरले मोहरीर माणसाच्या तोंडाकडे आधी पाहतच नसत. आधी गाठ पाहत. तुम्ही डोक्यावर गाठोडं घेऊन पुलावरून आले, की त्याईची नजर गाठोड्याच्या गाठीवर. बंडीतून आले, की बैलाच्या कासऱ्यावर. अन् नुसते हात हालवत आले, तर धोतराच्या कंबरेवर. मी नाक्यावर नवा रुजू झालो तवा माझं नाव विचारायच्या आधी त्याईनं माझ्या पायाकडे बोट दाखवलं.

"हे काय बांधलं?"

"बुटाची नाडी हाये जी."

"हे नाडी नाई, गुंता हाये. सोड."

नोकरीचं पहिलं काम म्हणून मी ओट्यावर बसून स्वतःच्या बुटाची नाडी सोडली. दुसरं काम म्हणून बांधली. तिसरं काम म्हणून पुन्हा सोडली, काऊन की दुसरं काम त्याईले पटलं नाई. दुपारच्या जेवणापर्यंत मी असा कमेटीच्या सेवेत होतो.

कमेटी म्हणजे म्युनिसिपालटी. आमच्याकडे सगळे तिले कमेटीच म्हणतात. अन् आमचा नाका म्हणजे वणा नदीच्या पुलाच्या तोंडाशी एक कवेलूच्या छपराची खोली, एक ओटा, एक आडवा बांबू अन् माल तोलायचा एक मोठा काटा. गावात येणारा माल पाहायचा, जकातीची पावती फाडायची, बांबू वर करायचा. पावती फाडणारा कारकून म्हणजे मोहरीर. ते थोरले मोहरीर, मी धाकला. मी तवा एकवीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला, दुसऱ्या झटक्यात.

आता जकातीसाठी गाठोडं सोडून पाहा लागते. बाकीच्या नाक्यांवर काय होई, की मोहरीर गाठोडं सोडे अन् माणूस आपलं आपण बांधून घेई. आमच्या नाक्यावर तसं नव्हतं. थोरले म्हणत, "सोडलं मी, त बांधीन बी मीच." वीस वर्षं त्याईनं हेच केलं. माणसं ढिल्या गाठीचं गाठोडं घेऊन गावात येत अन् पक्क्या गाठीचं घेऊन जात. घरी गेल्यावर ते गाठोडं सुटत नसे, ती गोष्ट वेगळी. चाकू लावला की त्याईले म्हणे घरी बसल्या समजे.

"गाठ कापनारा मानूस," ते म्हणत, "घरचं भांडनबी असंच मिटवत असन."

त्याईचं एक बोलणं मी रोज ऐकलं: "जे सुटते त्याले मी गाठ म्हनतच नाई."

हे बोलणं एका वरातीले बम महाग पडलं. केळझरच्या गणपतीचं दर्शन घेऊन नवं जोडपं नवरदेवाच्या गावाले चाललं होतं. चार बंड्या, एक वाजंत्री. नवरीच्या शालूचा पदर अन् नवरदेवाचा दुपट्टा, दोन्हीची गाठ बांधलेली. मोहरीरांनी बांबू वर केलाच नाई. नवरदेवाच्या बापाले वाटलं आता आहेराच्या भांड्यांवर जकात लागते. तो हात जोडून पुढे आला.

मोहरीर म्हणाले, "भांडे जाऊ द्या. हा गाठजोडा कोनं बांधला?"

"सेलूच्या भटजीनं जी."

"त्याले म्हना मंत्र म्हन, दोरीच्या भानगडीत पडू नको. हे गाठ पुढच्या नाल्यापर्यंत बी टिकत नाई. मंग पोरगी एका बंडीत अन् पोरगा दुसऱ्या बंडीत."

अन् त्याईनं भर रस्त्यात, वाजंत्री थांबवून, त्या दोघाईची गाठ सोडली अन् आपल्या हातानं बांधली. सगळ्याईनं वा वा केलं. वरात गेली.

दिवस मावळायच्या आत एक बंडी पळत परत आली. तिच्यात फक्त नवरा-नवरी, अन् मागून पायी नवरदेवाचा बाप. घरी सगळ्याईनं जोर लावून पाहिला होता, नवरदेवाच्या आत्यानं दातानं पाहिलं होतं, एक दात हालून राह्यला होता. कापा म्हणावं तर घरातली म्हातारी म्हणे गाठजोडा कापणं म्हणजे अपशकुन. नवरदेव पायावर पाय घट्ट घालून बसलेला, घामाघूम.

"काका," तो रडकुंडीले येऊन म्हणाला, "लवकर करा. मले एकट्याले जायचं हाये."

मोहरीरांनी दोन बोटांनी एक टोक ओढलं. गाठ फुलासारखी उघडली. नवरदेव पुलाखाली पळाला.

"इथून ओढाचं होतं," मोहरीर म्हणाले. "जाताना कोनी इचारलंच नाई."

नवरी पदर तोंडाशी घेऊन हसत होती. म्या त्या नवरदेवाच्या पळण्याची नक्कल पुढे सहा महिने केली. सांगायचं राह्यलं, नकला करणं हा माझा धंदा. पगार नाई, पण धंदा हाच. कमेटीचे अध्यक्ष, दवाखान्यातला कंपाउंडर, जिनिंगचा मुनीम, सगळे माझ्या तोंडात राहत. बंडीवाले नाक्यावर नंबराची वाट पाहत बसले की म्हणत, "बाबू, कंपाउंडर कर." मी कंपाउंडर करे. थोरल्या मोहरीराईची नक्कल मात्र मी त्याईच्या पाठीमागेच करे, अन् तीच सगळ्यात जास्त चाले. त्याचं कारण होतं गळ.

नाक्याच्या खाली, नदीच्या काठावर, मासे धरणाऱ्या ढिवरांची वस्ती. तिथला किसना एकदा गळ तुटला म्हणून कुरकुरत वर आला. मोहरीरांनी सवयीनं गाठ पाहिली अन् त्याईच्या अंगावर काटा आला. त्याईनं तो गळ ओढूनच घेतला. तिथून सुरू झालं ते वीस वर्षं चाललं. नदीचा प्रत्येक गळ नाक्यावर बांधला जाई. पवनारचे लोक तिकडची धाम नदी सोडून आमच्याकडे गळ बांधाले येत. ओट्यावर सकाळी रांग लागे, अन् बंडीवाल्याले वाटे जकातीचीच रांग आहे, तोही मागे उभा राहे.

मजा अशी, की मोहरीर मासा खात नसत. खाणं सोडा, त्याईच्या घरी अंड्याचं नाव निघालं तरी बायको चूल सारवे. त्याईनं जन्मात गळ पाण्यात टाकला नाई. मासा समोर आला की ते तोंड फिरवत, अन् तोंड फिरवूनच विचारत, "गाठ कशी हाये?"

किसनाची माय कासाबाई मासोळ्यांचं टोपलं घेऊन रोज बाजारात जाई. बोलाले फटकळ. ती थांबून म्हणे, "मोहरीर, खात नाई म्हनता, पन मारता त तुमीच."

"मी मारत नाई, माय. मी बांधतो. मारते तुमचा किसना."

"अन् पाप?"

"तुमी दोघं वाटून घ्या."

गळ बांधताना त्याईच्या समोर एक पितळी वाटी, वाटीत पाणी. एक डोळा मिटलेला, जिभेचं टोक मिशीले लागलेलं. अन् तोंडानं एक पाठ चालू. गळाच्या बुडाशी बारीक नेढं असते, त्यातून दोरा घालायचा, त्याचं टोक त्याच दोऱ्याभोवती गुंडाळायचं, टोक परत नेढ्याजवळच्या फटीतून काढायचं, ओलं करायचं अन् ओढायचं. एवढंच. पण मोहरीर ते असं म्हणत:

"पाव्हना दारातून आत आला. यजमानाले मिठी मारली. दुसरी मिठी मारली. खिडकीतून निघाला. पानी पेला. आता जाय म्हना बाप्पा."

'जाय'वर ते ओढत, अन् गाठ कट्ट करून बसे. मग गळ हातात देताना प्रत्येकाले तेच वाक्य, जसा देवळातला अंगारा: "हे गाठ नदीत सुटली, त त्या दिवसापासून मी गळाले हात लावनार नाई." लोकाईले ते वाक्य इतकं पाठ झालतं, की काही जण पुढच्या माणसाची गाठ बसली की आपणच म्हणून टाकत.

माझ्या नकलेत पाव्हणा जरा जास्त प्रेमळ होता. दोन मिठ्यांवर लोकं नुसते फिदीफिदी करत. मी तिसरी मारे. मग चौथी. "थांबा, यजमानाचे डोये भरून आले, अजून एक." पाचवी. सहावीले बंडीवाले मांडीवर हात मारत, सातवीले लोळत. सातच्या पुढे मले स्वतःलेच हसू येई, म्हणून सातावर थांबायची सवय लागली.

मग तो दोरा आला.

नागपूरच्या एका लॉरीवाल्यानं किसनाले दिला, मासोळ्यांच्या बदल्यात. नायलन म्हणे. काचेसारखा, उन्हात धरला की दिसे, सावलीत धरला की नुसती बोटं दिसत. सगळी वस्ती वर आली पाहाले. कासाबाईनं तो दातानं चावून पाहिला.

"तुटत नाई लेकाचा," ती म्हणाली.

"पान्यात दिसत बी नाई," किसना म्हणाला. "माशाले वाटीन गळावरची कनिक आपोआप तरंगून राह्यली. बांधा जी."

मोहरीरांनी वाटी पुढे घेतली. डोळा मिटला. पाव्हना आला, दोन मिठ्या, खिडकी, पाणी, जाय. गाठ बसली, पण तो कट्ट आवाज आला नाई. मी जवळच होतो. त्याईनं गळाकडे जरा जास्त वेळ पाहिलं, अन् मग ते रोजचं वाक्य म्हणून किसनाच्या हातात दिला.

चौथ्या दिवशी पुलाखालच्या डोहात किसनाची काठी वाकली. अशी वाकली की टोक पाण्यात गेलं. पुलावर बंड्या थांबल्या, मोटर थांबली, मोटरमधली माणसं उतरली. मोहरीर कठड्याशी आले. मासा एकदा वर आला. रोहू होता. मी त्याची लांबी नंतर दोन्ही हात पसरून दाखवत असे, तरी बोटं अपुरी पडत. किसना अर्धा तास त्याले खेळवत होता. थकवत थकवत काठाशी आणला, दोन हातांवर आला.

अन् काठी एकदम सरळ झाली.

किसना गुडघाभर पाण्यात तसाच उभा. मग काठी खांद्यावर टाकून वर आला अन् मोहरीराईकडे न पाहताच म्हणाला, "तुटला जी दोरा. खडकाले घासला असन."

"टोक दाखव."

"राहू द्या ना जी. तुटला म्हनलं ना."

"दाखव."

किसनानं दाखवलं. दोरा तुटला असता तर टोक सरळ असतं, झिजलेलं. हे टोक डुकराच्या शेपटीसारखं गोल गोल वळलेलं. गाठीतून सरकत सरकत निघालेलं. मोहरीरांनी ते वळण बोटावर घेतलं, सोडलं, पुन्हा घेतलं.

"तुटला नाई. सुटला."

"मोहरीर, मी म्हनतो ना..."

"किसना, माह्यासाठी खोटं बोलून राह्यला तू. नको बोलू."

तेवढ्यात कासाबाई आली. तिनं रोहू गेलेला पाहिला होता, अन् तिच्या तोंडाले लगाम नव्हता. "वीस वर्ष आयकलं," ती म्हणाली, "सुटली त हात लावनार नाई. आता काय म्हनता?"

"तेच म्हनतो," मोहरीर म्हणाले. आत गेले, गळांचा पत्र्याचा डबा आणला अन् तिच्या टोपल्यात ठेवला. वाटीतलं पाणी तुळशीले टाकलं.

कासाबाईलेच कसं तरी झालं. "अवो, मी आपलं बोलली..."

पण ते खोलीत जाऊन पावतीपुस्तक उघडून बसले होते.

त्यानंतरचे दिवस मले आवडले नाईत. ओट्यावर रांग नाई. मोहरीर गाठोडी सोडत अन् माणसापुढे सरकवत. "बांधून घ्या." लोकं घाबरत. एक म्हातारा तर म्हणाला, "काय चुकलं जी माह्यं?" एक दिवस एकजण अशा कंबरेनं आला, की धोतर पुलावर एका हातानं धरून चालला होता. मी डोळ्यानं खुणावलं. मोहरीरांनी आभाळाकडे पाहिलं. मग एका सकाळी मी आलो, तर त्याईनं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं अन् "ये," म्हणाले. माझी नाडी सुटलेली होती, मी मुद्दामच तशी ठेवली होती. मले भेवच वाटलं.

खाली वस्तीतही खुशी नव्हती. किसनानं तो दोरा स्वतः बांधून पाहिला, दुसऱ्याईनं पाहिला. कोणाचीच गाठ टिकेना. दोरा असा, की मासा फसे हमखास अन् निसटेही हमखास. अर्धे लोक पुन्हा सुताकडे गेले, पण मोहरीरानं बांधलेलं सूत ते नव्हतंच.

एका दुपारी सरकीच्या बंड्या आल्या होत्या. मोहरीर कमेटीच्या हापिसात गेलते. बंडीवाले नाक्यामागच्या लिंबाखाली बसले अन् म्हणाले, "बाबू, बम दिवस झाले. मोहरीर कर."

मले खरं तर नको वाटत होतं. पण मले कोणी 'कर' म्हणलं की मी करतो, ही माझी खोड. किसनाच्या दोऱ्याचा तो वळलेला तुकडा, मोहरीरांनी ठेवून घेतलेला, अन् एक गळ खिडकीत पडला होता. म्हणलं, आज सामानासकट करू. एक डोळा मिटला. जीभ मिशीच्या जागी लावली, मले मिशी नव्हती.

"पाव्हना दारातून आत आला. यजमानाले मिठी मारली. दुसरी मारली. थांबा, यजमानीनबाईनं चहा ठेवला. तिसरी. चहात साखर नाई, पाव्हना रडला. चवथी. साखर आली. पाचवी. आता यजमान म्हने सोड बाप्पा, सहावी. पाव्हना म्हने कसा सोडू? सातवी! खिडकीतून निघाला..."

वाटी नव्हती, म्हणून दोरा तोंडात धरून ओला केला. "जाय म्हना बाप्पा!" म्हणून ओढला, अन् हसू ऐकाले वर पाहिलं.

कोणी हसत नव्हतं. सगळे माझ्या मागे पाहत होते.

मी वळलो. थोरले मोहरीर छत्री काखेत धरून उभे. चेहरा पाटीसारखा कोरा.

"कवापासून करून राह्यला हे?"

"जी... दोन वर्ष."

"अन् मिठ्या किती मारल्या?"

"सात जी."

"मी किती मारतो?"

"दोन."

"मंग सात काऊन?"

आता खोटं काय बोलणार. "दोनावर कोनी हासत नाई जी."

बंडीवाल्यांपैकी एकाचं हसू फुटलं, त्यानं ते खोकल्यात घातलं. मोहरीर वाकले. माझ्या हातातल्या गळाकडे पाहत राह्यले, पण हात लावला नाई.

"ओढ," ते म्हणाले.

मी ओढला.

"जोरानं. भाकर खाल्ली नाई का?"

मी पायात अडकवून ओढला. दोरा बोटात रुतला, गाठ जागची हालली नाई.

"काट्याजवळ चाल."

नाक्याच्या काट्याच्या दांडीले मी गळ अडकवला अन् दोऱ्याले पाच शेराचं वजन टांगलं. राह्यलं. "दहा टांग." राह्यलं. बंडीवाले उठून आले. एकजण म्हणाला, माझी पाण्याची बादली टांगा. तीही टांगली. गाठ आणखीच आवळून बसली, ज्वारीच्या दाण्याएवढी. तवा कुठे माझं ध्यान गेलं, मोहरीर दोन्ही हात पाठीमागे एकमेकात धरून उभे होते, अन् ती बोटं आपसात गुंडाळत होती, सुटत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"सुताले केस असतात," ते हळूच म्हणाले, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे. "दोन मिठ्यात पाव्हना अटकते. हा दोरा गुयगुयीत. दोनात घसरते. त्याले धरून ठेवाचं त मिठ्या जास्त लागतीन. अन् मी मुरख, दोराच वाईट म्हनून राह्यलो होतो."

मग माझ्याकडे वळले. "किसनाले सांगजो. उद्या सकायी सगळ्याईले घेऊन येजो म्हना. आपापला गळ, आपापला दोरा."

"मंग तुमी बांधून द्यान?"

"मी काऊन बांधीन? हात लावनार नाई म्हनलं ना."

सकाळी वस्ती वर आली. पंधरा-वीस माणसं ओट्यासमोर मांडी घालून बसली, प्रत्येकाच्या हातात गळ अन् दोरा. कासाबाई टोपलं घेऊन मागे उभी. मले वाटलं आपल्याले बांधाले लावतात, म्हणून मी बाह्या सरसावल्या. पण मोहरीर स्वतः पुढे आले, रिकाम्या हातानं. त्याईनं आधी माझ्या दंडाले धरून मले सगळ्यांपुढे उभं केलं.

"हे गाठ माही नाई," ते म्हणाले. "ह्या नाटक्याची हाये. माही थट्टा करता करता यानं बांधली. वीस वर्ष मी नुसता आपल्याच मिठ्या मोजत होतो. आता जशी यानं बांधली तशी पाहा."

अन् माणसानं हवेत गाठ बांधाले सुरुवात केली. डाव्या हातात नसलेला गळ, उजव्या हातात नसलेला दोरा. एक डोळा मिटलेला, जीभ मिशीले. "पाव्हना दारातून आत आला. मिठी एक." ओट्यासमोर पंधरा-वीस बोटांनी एक वेढा मारला. "मिठी दोन." चहा, साखर, रडणं, माझ्या नकलेतलं काही त्याईनं वगळलं नाई, सगळं माझ्यासारखंच, फक्त तोंड देवपूजेले बसल्यासारखं. मी हसायची वाट पाहत होतो. कोणी हसलं नाई. लोक मोजत होते. सातवी झाली, खिडकी झाली, किसनानं थुंकी लावली, अन् सगळ्याईनं एकाच वेळी ओढलं.

पंधरा-वीस गाठी कट्ट करून बसल्या.

मोहरीरांचे हात अजून हवेतच होते. मग मागून कासाबाईचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच खाली.

"अन् मोहरीर, हे बी सुटली त?"

सगळ्याईनं माना वर केल्या. ते वाक्य आम्हा सगळ्याईले पाठ होतं, माझ्या तर ओठावर आलतं. मोहरीरांनी हात खाली घेतले, धोतराले पुसले, अन् पहिल्यांदाच मासोळ्यांच्या टोपल्यावरून तोंड न फिरवता म्हणाले,

"सुटली त सांगाले येजो, माय. आठ मारून पाहू."